अपेक्षित खरं, मिळालं खोटं

…अपेक्षित खरं, मिळालं खोटं! संपलं! एवढंच! काळ्या पडद्यावर लाल अक्षरांत चार शब्द आणि त्यांच्याखाली लुकलुकणारी एक रेघ, जणू मलाच विचारतेय, 'बोला, आता काय करणार?' आता तुम्हीच सांगा, ही बातमी झाली का? काय अपेक्षित होतं? कोणाला होतं? खोटं मिळालं म्हणजे काय मिळालं, खोटी दाढी? तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी वार्ताहर आहे, पूर पाहिलेत, आगी पाहिल्यात, मंत्री पाहिलेत, आणि पहिल्या दिवशी ज्या माणसाने माझ्या हातात पेन्सिल दिली त्याने एकच सांगितलं होतं, 'कोण, काय, कुठे, कधी आणि का, हे पहिल्या दोन ओळींत नसेल तर तो कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहू नकोस.' आणि इथे हे यंत्र! उद्या बाजाराला आग लागली तर हे काय लिहील? 'अपेक्षित: न जळणे. मिळाले: जळणे'? मी ओरडलोच. 'अरे, कोणाचं खोटं? नाव सांग की नाव!'

शेजारच्या खुर्चीतून आवाज आला, 'काका, ते ऐकत नाही.'

काका! ही आमच्या कचेरीतली प्रोग्रामरबाई. चाळिशीची आहे, दोन मुलांची आई आहे, स्वतःच्या केसांत पांढरं दिसायला लागलंय, पण मी काका! कामाला मात्र वाघीण. आमच्या वृत्तपत्राची सगळी यंत्रं ती एकटी सांभाळते, आणि बोलते असं की जणू प्रत्येक शब्दामागे तिला कर भरावा लागतो.

आता तुम्ही म्हणाल, वार्ताहराला यंत्रापुढे बसवलं कोणी? तेच तर सांगतोय! थांबा की जरा.

आमच्या पेपरात चौथं पान आहे ना, निधनवार्तांचं, ते माझं. एकोणीस वर्षांपूर्वी मी भांडून सुरू केलं. कारण असं बघा, पहिल्या पानावर यायला मंत्री व्हावं लागतं, नाहीतर पूल तरी पाडावा लागतो. माझ्या पानावर यायला फक्त जगून झालेलं असावं लागतं. टपाल वाटणारा, शाळेची घंटा देणारी बाई, चाळीस वर्षं एकाच कोपऱ्यावर सायकली दुरुस्त करणारा… या लोकांचं नाव आयुष्यात एकदा छापून येतं. एकदाच! आणि घरातलं कोणीतरी ते कात्रीने कापून वहीत ठेवतं. त्या एका वेळी तरी ते बरोबर नको? मी प्रत्येक घरी फोन करायचो. 'वय किती हो? काम काय करायचे? नावात ऱ्हस्व की दीर्घ?' लोक रडत रडत ऱ्हस्व-दीर्घ सांगायचे.

मग आधुनिकीकरण आलं. आमचे संपादक, म्हणजे ज्याला मी स्वतः बातमी लिहायला शिकवली तो, आता काचेच्या खोलीत बसतो, म्हणून चारचौघांत मी त्याला साहेब म्हणतो, तर साहेब म्हणाले, 'लोकांनी संगणकावर फॉर्म भरायचा, प्रोग्राम आपोआप वार्ता लिहील, पानावर लावील. तुमचे फोन बंद.' तीन महिने चाललं. मी गप्प होतो. विश्वास बसत नाही ना? मलाही बसत नाही.

आणि गेल्या सोमवारी सकाळी कचेरीच्या दारात एक गृहस्थ. गळ्यात मापाची फीत, हातात आमचं चौथं पान, आणि डोळे असे की…

'तुम्हीच का ते निधनवार्तावाले?'

'हो. बोला.'

'मी मेलोय म्हणे.'

तुम्हाला सांगतो, पायाखालची फरशी सरकली! शिंपी होता हो तो. त्याचा थोरला भाऊ वारला. यानेच फॉर्म भरून पाठवला. आदल्याच दिवशी फॉर्मचे रकाने पुढेमागे झाले होते, आणि यंत्राने काय केलं, वार्ता पाठवणाऱ्याचं नाव उचललं आणि मेलेल्याच्या जागी छापलं! छायाचित्र भावाचं, वय भावाचं, नाव याचं! आणि हा बिचारा भावाचं दुःख बाजूला ठेवून मला सांगतोय, 'साहेब, सकाळपासून दुकानात रांग लागलीय. मला वाटलं, भेटायला आलेत. एक जण रडला नाही हो! सगळे आपापलं कापड परत न्यायला आलेत! एक बाई तर माझ्या तोंडावर म्हणाली, "गेले का? अरेरे. माझा ब्लाउज बेतून तरी झाला होता का?"'

मी हसलो नाही. तुम्ही हसताय, पण मी हसलो नाही. कारण तो मग हळूच म्हणाला, 'माझं जाऊ द्या. पण भावाचं नाव कुठेच आलं नाही ना. तो गेला आणि कुठे लिहिलंच नाही गेलं.'

काचेच्या खोलीत बोलावणं आलं. साहेब पेन टेबलावर आपटत होते, टक, टक, टक. 'हे बघा, जे पान माणूस मेला की जिवंत आहे हे नीट सांगू शकत नाही, ते पान मला नको. शुक्रवारी सकाळी अकरा वाजता मला प्रोग्राम चालवून दाखवा. बरोबर चालला तर ठीक. नाहीतर शनिवारपासून चौथ्या पानावर गाद्यांची जाहिरात.'

गाद्यांची! एकोणीस वर्षं ज्या जागेवर माणसं विसावली, तिथे गाद्या!

'मी काय करू?' मी म्हणालो. 'मला प्रोग्राम येतो का?'

'नियम तुम्हाला येतात. बाईंच्या शेजारी जाऊन बसा.'

तर असा मी त्या खुर्चीत जाऊन पडलो, मंगळवारी सकाळी, आणि बाईंनी मला समजावलं ते असं. म्हणे प्रोग्राम बरोबर आहे का, हे बघायला छोट्या छोट्या तपासण्या लिहायच्या. एक काल्पनिक मेलेला माणूस तयार करायचा, त्याचा फॉर्म प्रोग्रामला द्यायचा, आणि वार्ता बाहेर आली की प्रश्न विचारायचा. नाव बरोबर आलं का? वय आलं का? बरोबर असेल तर हिरवा, चूक असेल तर लाल. मी म्हटलं, 'म्हणजे उलटतपासणी! बाई, यात मी आयुष्य काढलंय! लिहा पहिला प्रश्न!' तिने लिहिला, चालवला, आणि पडद्यावर काय आलं? अपेक्षित खरं, मिळालं खोटं! बरं, अशा तपासण्या आधीच्या कोणीतरी तेवीस लिहून ठेवलेल्या, आणि त्यातल्या नऊ लाल, आणि नऊच्या नऊ एकच वाक्य बोलतायत! पढवलेले साक्षीदार परवडले हो, ते निदान एकेक शब्द तरी बदलतात!

म्हणून मी ओरडलो. आणि ती म्हणाली, ते ऐकत नाही.

'पण बाई, तुम्हाला तरी कळतं का यातून काय बिघडलंय ते?'

'नाही.'

'मग तुम्ही काय करता?'

'खणत बसते.'

'किती वेळ?'

'कधी कधी दुपारपर्यंत.'

मी कपाळाला हात लावला. मग तिने, कशी कोण जाणे, पण खुर्ची माझ्याकडे वळवली आणि म्हणाली, 'काका, यावर उपाय आहे. मॅचर.'

तुम्हाला सांगतो, मॅचर म्हणजे काय, ते मी तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो, कारण तिच्या भाषेत सांगितलं तर आपण इथून हलणार नाही. असं समजा, दारावर एक पहारेकरी आहे. जुना पहारेकरी कसा? तुम्ही गेलात की म्हणायचा, 'नाही!' का नाही? 'नाही!' पास आहे हो माझ्याकडे. 'नाही!' हा झाला 'अपेक्षित खरं, मिळालं खोटं'वाला. आणि मॅचर म्हणजे असा पहारेकरी की ज्याच्या तोंडात अट पाठ आहे, आणि अडवलं की म्हणतो, 'साहेब, मला निळा पास हवा होता, तुम्ही हिरवा दाखवताय, तोही कालच्या तारखेचा, तोही तुमच्या मेहुण्याचा.' बघा! नुसता अडवत नाही, माणसाला बातमी देतो! आणि असे पहारेकरी तयार मिळतात, डझनांनी, त्या संचाला म्हणे लायब्ररी म्हणतात! एक आहे 'इतकंच असावं' म्हणणारा, एक 'यात हे असावं' म्हणणारा, एक 'या दोन आकड्यांच्या मधलं असावं' म्हणणारा. पुढे 'नसावं' लावलं की तोच पहारेकरी उलटा उभा राहतो! आणि दोघातिघांना एकमेकांशेजारी उभं करून म्हणता येतं की सगळ्यांचं समाधान झालं तरच आत सोडा!

आणि वाचायला कसं? बाईंनी माझ्यासाठी त्यांना मराठी नावं चढवून दिली, कुरकुरत दिली, पण दिली. मग मी शिंप्याचाच फॉर्म घेऊन लिहिलं, माझ्या या बोटांनी: खात्री कर, वार्तेतलं नाव, टिंब, असावं, फॉर्ममधल्या दिवंगताचं नाव. वाक्य आहे हो ते! सरळ, साधं, कोणालाही कळेल असं वाक्य! कळ दाबली. लाल. पण काय लाल! 'वार्तेतलं नाव. अपेक्षा होती: थोरला भाऊ. मिळालं: धाकटा भाऊ.' मी खुर्चीतून उठलो! 'बाई, ही बातमी! कोण आलं, काय आलं, कुठे आलं! मथळा द्या याला!' बाईंनी ते लाल वाक्य वाचलं, एक फाइल उघडली, एका ओळीत दोन शब्दांची अदलाबदल केली, कळ दाबली, आणि हिरवा! घड्याळ बघितलं मी. दीड मिनिट. दुपारपर्यंत खणणारी बाई दीड मिनिटात! तिचं तिलाच हसू आलं. मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं, म्हणून सांगतो, दात छान आहेत.

झालं! मग मला कोण आवरणार? मंगळवार गेला, बुधवार गेला, मी लिहीतच सुटलो! वय शून्याच्या वर आणि एकशेवीसच्या आत असावं. लगेच लाल! 'अपेक्षा होती: एकशेवीसच्या आत. मिळालं: एक हजार नऊशे अठ्ठेचाळीस.' वयाच्या रकान्यात कोणी जन्मसाल भरलं, की लबाड तेच वय म्हणून उचलायचं! पश्चात परिवाराच्या यादीत दिवंगत स्वतः नसावा. लाल! म्हणजे तीन महिने आम्ही छापत होतो की अमुक अमुक वारले, त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुली आणि ते स्वतः! आणि वार्तेत 'दुःखद निधन' हे शब्द नसावेत, हा माझा खास नियम. सुखद निधन असतं का कुठे? असलं तरी घरचे फॉर्मवर लिहितील का?

बाई मधूनच लगाम खेचायची. मी एकदा लिहिलं, नाव रिकामं नसावं. तिने मान हलवली. 'काका, नावाच्या जागी "बटाटा" आला तरी हे हिरवं.' खरंच की! मग मी दुसऱ्या टोकाला गेलो, अख्खी वार्ता अक्षरन् अक्षर जुळावी असं लिहिलं. तिने एक स्वल्पविराम हलवला आणि सोळा तपासण्या धाडकन लाल. 'जेवढं महत्त्वाचं तेवढंच विचारा,' ती म्हणाली. तुम्हाला सांगतो, हे वाक्य मी तीस वर्षं नव्या वार्ताहरांना ऐकवत आलोय, आणि मला कोण ऐकवतंय? जिच्या प्रत्येक शब्दाला कर लागतो ती!

मग कळलं, स्वतःचा मॅचरही बनवता येतो. आपली अट, आणि फसलं तर बोलायचं वाक्यही आपलं! मी एक घडवला, 'सभ्य वार्ता' नावाचा, आणि तो फसला की जे बोलायचं ते मी असं लिहिलं की वरती मथळा, खाली उपमथळा, मग पार्श्वभूमी, मग या चुकीचे समाजावर होणारे परिणाम… बाईंनी वाचलं. पुन्हा वर नेऊन वाचलं. 'काका, ही चूक आहे का अग्रलेख?'

कापला. चार ओळींवर आणला. पण चार ओळी काय होत्या, आहाहा!

घरीही तेच. बायको म्हणाली, 'चहा झालाय.' मी म्हटलं, 'खात्री कर, चहा, टिंब, गरम असावा, आणि साखर एक चमच्याच्या आत असावी.' ती म्हणाली, 'खात्री कर, नवरा, टिंब, शहाणा असावा. अपेक्षित खरं, मिळालं खोटं.' बघा! तिलाही पाठ झालं होतं!

आता गुरुवार. इथे नीट लक्ष द्या, कारण इथेच सगळा घोळ आहे.

गुरुवारी दुपारी जेवणाच्या आधी एकेचाळीस तपासण्या झाल्या होत्या. सगळ्या हिरव्या. हिरवं शेत नुसतं! मी समाधानाने वरपासून खालपर्यंत वाचत होतो, जसा आपण आपलाच छापलेला लेख वाचतो, आणि पहिल्याच तपासणीपाशी अडकलो. तीच, नावाची, शिंप्याची. 'असावं, फॉर्ममधल्या दिवंगताचं नाव.' बरोबर होतं, पण जरा सपक वाटलं हो! एवढी महत्त्वाची ओळ, एवढी सपक? म्हटलं, हिला माझा 'सभ्य वार्ता' लावू. म्हणून मी टिंबापासून पुढचं सगळं खोडलं. राहिलं काय? 'खात्री कर, वार्तेतलं नाव.' आता पुढे नवीन लिहिणार, तेवढ्यात फोन वाजला.

बायको. डॉक्टरांकडे गेली होती. तिचा गुडघा दोन महिने दुखतोय, मी बरोबर जाणार होतो, पण हे शुक्रवारचं प्रकरण, म्हणून ती एकटीच गेली. 'अहो, झालं दाखवून.' मी म्हटलं, 'हो का? काय म्हणाले डॉक्टर? गुडघा कसा आहे? बरं बरं, मी जरा घाईत आहे, ठेवतो!' आणि ठेवला. आणि तेवढ्यात जेवणाची वेळ झाली, म्हणून मी उठलो. आणि जेवून आलो आणि सवयीने कळ दाबली. एकेचाळीस हिरव्या! मी टाळी वाजवली. बाईंना म्हटलं, 'उद्या या पानाला कोण हात लावतो ते बघतो!'

दुपारी बाईंनी एक शेवटची सुधारणा केली. लोक म्हणत होते, फॉर्ममध्ये आपलं नाव कुठे भरायचं ते सापडत नाही. म्हणून तिने वार्ता पाठवणाऱ्याचा रकाना सगळ्यात वर आणला. पुन्हा कळ दाबली. एकेचाळीस हिरव्या. आम्ही दोघं घरी गेलो.

शुक्रवार, अकरा वाजता. काचेची खोली. साहेब खुर्चीत, पेन टक टक. बाई संगणकापाशी. मी इस्त्रीच्या शर्टात. आणि साक्षीदार म्हणून मी मुद्दाम कोणाला बोलावलं होतं? शिंप्याला! म्हटलं, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच डोळ्यांसमोर न्याय होऊ दे. आधी बाईंनी तपासण्या चालवल्या. टप टप टप टप, एकेचाळीस हिरव्या! मी साहेबांकडे असं बघितलं. साहेब म्हणाले, 'छान. आता यांचाच फॉर्म भरून बघू.' शिंप्याने स्वतः भरला, एका बोटाने, जपून जपून. थोरल्या भावाचं नाव लिहिताना थोडा थांबला. मग कळ दाबली.

वार्ता आली. शिंपी वाचायला लागला. वाचता वाचता चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि अगदी शांतपणे म्हणाला,

'मी परत मेलोय.'

टक टक थांबलं! साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी बाईंकडे. बाईंनी पडद्याकडे. एकेचाळीस हिरव्या, आणि माणूस मेलेला!

मी सुरू झालो ना लगेच! 'हे यंत्र खोटारडं आहे! ही लायब्ररी फितूर आहे! साक्षीदार फोडलेत कोणीतरी!' मी टेबलावर हात आपटला. बाईंनी फक्त पहिली तपासणी उघडली आणि पडदा माझ्याकडे वळवला.

'खात्री कर, वार्तेतलं नाव.'

आणि पुढे पांढरं. काहीच नाही. टिंबसुद्धा नाही.

'काका,' ती म्हणाली, 'तुम्ही प्रश्न विचारलात आणि उत्तर न ऐकता निघून गेलात.'

मी! मला! चौतीस वर्षं! मंत्र्याने मोटारीची काच वर केली तेव्हा काचेच्या फटीत पाकीट अडकवून उत्तर घेणारा मी! एका कंत्राटदाराच्या दारात पायरीवर सहा तास बसून उत्तर घेणारा मी! आणि पहाऱ्यासाठी दार नेमून दिलं, पण तिथे पहारेकरीच उभा केला नाही! मग अडवणार कोण? येणारा येतोय, जाणारा जातोय, आणि दिवा हिरवा, कारण कोणी नाही म्हणालंच नाही! बाईंनी रकाना वर आणला, नावं पुन्हा उलटीसुलटी झाली, आणि जी एक तपासणी बोंब मारणार होती ती तोंड मिटून बसली होती, कारण तिच्या तोंडातलं वाक्य मीच खोडलं होतं!

'चूक माझीही आहे,' बाई म्हणाली. 'मीही फक्त हिरवा रंग बघितला.' न विचारता एवढं ती माझ्यासाठी बोलली, हे मी विसरणार नाही.

साहेब उठायला लागले. खिडकीकडे बघत म्हणाले, 'गाद्यावाल्यांना फोन करावा लागेल…'

'दोन मिनिटं!' मी म्हटलं. 'साहेब, फक्त दोन! अरे, तुला बातमी लिहायला कोणी शिकवली? दोन मिनिटं दे!' हो, चारचौघांत अरे म्हटलं. निघालं तोंडातून.

बसलो. सभ्य नाही, सुंदर नाही, काही नाही, जुनीच सपक ओळ परत लिहिली. असावं, फॉर्ममधल्या दिवंगताचं नाव. कळ दाबली.

लाल! आणि आयुष्यात लाल रंग बघून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता! 'वार्तेतलं नाव. अपेक्षा होती: दिवंगत, थोरला भाऊ. मिळालं: वार्ता पाठवणारा, धाकटा भाऊ.'

साहेब वाकून वाचायला लागले. पण त्यांच्या आधी कोण बोललं? शिंपी! ज्याने आयुष्यात प्रोग्राम बघितला नाही, तो शिंपी! म्हणाला, 'हात्तिच्या, कॉलरच्या जागी बाही लावलीय की यांनी!'

'अगदी तेच,' बाई म्हणाली, आणि तिची बोटं चालायला लागली. कॉलर कॉलरच्या जागी, बाही बाहीच्या जागी. हिरवा. शिंप्याने पुन्हा फॉर्म भरला, पुन्हा एका बोटाने. वार्ता आली. थोरल्या भावाचं नाव, भावाचं वय, 'पंचेचाळीस वर्षे शिवणकाम केले', पश्चात धाकटा भाऊ. जिवंत. त्याने ती दोनदा वाचली. मग म्हणाला, 'ही छापाल?' साहेबांनी पेन खिशाला लावलं. म्हणाले, 'उद्या. चौथ्या पानावर. वरच्या कोपऱ्यात.' आणि माझ्याकडे वळून, 'चौतीस वर्षांत तुमचं हे पहिलं वाक्य, जे मला एका वाचनात कळलं.'

पान वाचलं! तुम्हाला सांगतो, मी कचेरीभर नाचायचाच बाकी होतो! बाईंनी मात्र त्याच दुपारी एक नवीन गोष्ट लावली. कोणी अर्धवट प्रश्न लिहून ठेवला, पुढे पहारेकरी उभा केला नाही, की यंत्र कामच थांबवतं आणि लाल अक्षरांत बोंब मारतं. ते काय म्हणून बोंब मारतं, माहितेय? 'काका निघून गेले: ओळ बारा.' मी म्हटलं, 'बाई, हे काय?' ती म्हणाली, 'अर्थपूर्ण संदेश.'

तर असा मी विजयी होऊन घरी आलो. दार उघडलं. बायको खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी. मी चपला काढता काढता नेहमीसारखं म्हटलं, 'काय मग, गुडघा कसा आहे?' आणि आतल्या खोलीकडे वळलो…

…आणि थांबलो. हो ना! जागच्या जागी थांबलो! डोळ्यांसमोर ती लाल ओळ आली. काल फोनवर विचारलं, ठेवला. परवा विचारलं, पेपर उघडला. दोन महिने रोज विचारतोय हो मी, आणि रोज हिरवा समजून पुढे जातोय! वळलो. खुर्ची ओढली. तिच्यासमोर बसलो, हात मांडीवर ठेवले, आणि म्हटलं, 'नाही, खरंच. सांग. कसा आहे? मी ऐकतोय.'

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं शिंप्याने ती वार्ता वाचली. दोनदा बघितलं. मग पिशवी बाजूला ठेवली, आणि म्हणाली, 'ऐकताय? बरं. तर सुरुवात झाली ती जिन्यावरून…'

अपेक्षा होती: 'बरा आहे', दोन शब्द.

मिळालं: पावणेदोन तास. आणि हा नुसता डावा.